आईचा डावा हात गेल्यानंतरचा बँड

माझी आई साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये नर्स होती आणि रविवारी दुपारी एका पबच्या मागच्या हॉलमध्ये स्वतःचा जॅझ बँड चालवायची. ड्रम्स तीच वाजवायची. आम्ही मुंबईचे मराठी ज्यू. शनिवारी शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून बँड रविवारी. तिचे वडील मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये ड्रमर होते, त्यांच्याकडूनच ती शिकली.

शाळेत असताना मला तिची लाज वाटायची. पॅरेंट्स ईव्हनिंगला टीचर बोलत असायच्या आणि हिची बोटं टेबलावर ताल धरायची.

रिटायर झाली त्याच वर्षी तिला स्ट्रोक आला. डावा हात गेला. बँडमधले सगळ्यात जुने ट्रम्पेटवाले घरी आले आणि म्हणाले, "तुम्ही बऱ्या होईपर्यंत बंद ठेवू."

"बंद ठेवलात तर पुन्हा कोणी येणार नाही," आई म्हणाली. "रविवारी या सगळे."

दर रविवारी एक बस ड्रायव्हर ऐकायला यायचा. हौशी, घरी थोडंफार वाजवणारा. आईने त्यालाच ड्रम्सवर बसवलं आणि शेजारी खुर्ची टाकून उजव्या हाताने त्याच्या खांद्यावर ठेका देत राहिली. पहिल्या दिवशी त्याने इतकं जोरात वाजवलं की तिने बँडच थांबवला.

"सोलो कोणाचा चाललाय?" तिने विचारलं.

"ट्रम्पेटचा."

"मग तो मला ऐकू का येत नाही?"

तो मनापासून हसला आणि पुन्हा सुरू झाला, हळू.

मी तेव्हा ब्रॅकनेलला राहायचे; तिथून तिला न्यायला-आणायला जायचे, खरं तर नाइलाजाने. पण त्या दुपारी आठ मोठी माणसं तिच्या एका बोटाकडे बघत थांबलेली पाहिली. तिने बोट खाली आणलं आणि सगळे एकदम सुरू झाले. मी ताठ बसले. शेजारच्या अनोळखी बाईला सांगून टाकलं, "ती माझी आई."

पुढे सहा वर्षं तिने तसाच बँड चालवला. दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतरही बँडचा एकही रविवार चुकला नाही.

आता बुकिंग मी बघते. मागच्या महिन्यात बेसिंगस्टोकच्या एका कार्यक्रमाचा फॉर्म आला. लीडरच्या रकान्यात ट्रम्पेटवाल्यांनी आईचं नाव लिहायला सांगितलं.

"अहो, ते तिला भेटायचं म्हणतील," मी म्हटलं.

"म्हणू देत. ती कोण होती ते आम्ही सांगू."

मी नाव टाइप केलं आणि फॉर्म पाठवला.