बोटीच्या मागच्या सीटवरचा टॉवेल

"शिसं," पुण्याहून आलेले कन्सल्टंट म्हणाले. "मागे डाव्या कोपऱ्यात शिशाच्या पिशव्या ठेवायच्या. पाण्याच्या बॅगा इम्पोर्टेड मागवू. लोकल मटेरियल मी सजेस्ट करणार नाही."

हे बोलताना ते भैयासाहेबांकडे पाहत होते. माझ्याकडे पाहायची त्यांना गरज वाटली नाही. लोकल मटेरियल म्हणजे मी होते.

मी अकोल्याची. बाळापूर रोडला माझं वर्कशॉप आहे. ताडपत्र्या, शेततळ्याचं अस्तर, पाणी साठवायच्या मोठ्या थैल्या, असं सगळं आम्ही बनवतो. मार्केट यार्डात बसून फाटक्या ताडपत्र्या शिवण्यापासून मी सुरुवात केली. आज गरम हवेनं प्लास्टिक जोडायच्या मशिनी माझ्या स्वतःच्या आहेत. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे माझ्या हातात ओवाळायचं ताट दिलं गेलं, ते कुणाच्या हातात दिलं हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगते.

भैयासाहेब अमरावतीकडचे. धरणाच्या बॅकवॉटरला लागून त्यांची संत्र्याची बाग आहे. बागेच्या कडेला त्यांनी रिसॉर्ट काढलं आणि गोव्याहून एक जुनी वेकसर्फिंगची बोट आणली. वेकसर्फिंग म्हणजे काय, तर बोट मुद्दाम हळू चालवायची, तिच्या मागे पाण्याची लाट उठते, त्या लाटेवर माणूस फळीवर उभा राहतो. दोरी फक्त उठण्यापुरती. नंतर ती सोडून द्यायची आणि लाट ढकलेल तसं जायचं. समुद्र नसलेल्या मुलखात समुद्र विकायचा हा धंदा आहे.

लाट मोठी व्हायला बोटीचा मागचा भाग पाण्यात खोल बसावा लागतो. त्यासाठी जे वजन घालतात त्याला बॅलास्ट म्हणतात. ज्या बाजूला लाट हवी त्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात जास्त वजन, आणि नाक वर उचललं जाऊ नये म्हणून पुढे थोडं. बोटीला आधीचं काहीच नव्हतं. विकणाऱ्यानं बॅलास्ट काढून घेऊन बोट विकली होती आणि भैयासाहेबांना ते घरी आणल्यावर कळलं.

"साहेब," मी कन्सल्टंटना विचारलं, "बोटीत माणसं किती बसतील?"

"क्रू ऑफ सिक्स."

"आमच्या इकडं सहाजनायले बोलावलं तं बाराजन येतात. मानसाचंही वजन असते ना जी. तवा तुमचं शिसं कुठं नेऊन ठेवता?"

"ते गेस्टना आधी इन्फॉर्म करावं लागेल."

भैयासाहेब हसले. पाहुण्याला तुझ्यासोबतचे चारजण काठावर ठेव असं सांगणारा माणूस वऱ्हाडात अजून जन्मायचा आहे.

माझं म्हणणं साधं होतं. शिसं एकदा ठेवलं की ठेवलं, ते उचलता उचलता माणसाची कंबर जाते. बोटीच्या तळाशी पक्क्या टाक्या बसवायच्या तर तळ उघडावा लागतो. त्यापेक्षा मऊ थैल्या बऱ्या. एक पुढे नाकात, दोन मागे डाव्या-उजव्या कोपऱ्यात. तिन्हींना वेगळा पंप, वेगळा व्हॉल्व्ह. तलावातलंच पाणी आत घ्यायचं, तलावातच सोडायचं. माणसं चढली की तेवढं पाणी कमी करायचं. बोटीवर किती वजन चालतं ते लिहिलेली पट्टी असते, त्यात माणसं आणि पाणी दोन्ही धरायचं. शिवाय थैलीच्या वरच्या टोकाला हवा जायला वाट ठेवायची. नाहीतर आत हवा अडकते आणि अर्धी भरलेली थैली भरल्यासारखी फुगून दिसते.

"आणि शिवण उसवली तर?" कन्सल्टंटनी विचारलं.

"शिवण नाईच. जोड वितळवून एकजीव केलेला असते. तुमी उभे राहा त्याच्यावर. हवं तं नाचा."

ते नाचले नाहीत. भैयासाहेबांनी मधला मार्ग काढला. हा मधला मार्ग कायम माझ्या अंगावरून जातो.

"ताई, असं करा. बॅगा बसवून द्या. उद्घाटनापर्यंत पसंतीवर. लाट उभी राह्यली तं ठेवतो, नाई तं तुमी परत न्या."

"कोपऱ्याच्या मापाच्या तिरप्या थैल्या परत नेऊन काय करू? अकोल्यात कोनाच्या घराले बोटीचा कोपरा आहे?"

"मंग इम्पोर्टेड मागवतो."

मी खूप वाद घातला. आवाज इतका चढला की बागेतला माळी येऊन पाहून गेला. शेवटी तीच अट मान्य केली, कारण कन्सल्टंट माझ्याकडे पाहून हसत होते. रागाच्या भरात केलेला सौदा मी आयुष्यात कधी जिंकलेली नाही, तरी करते.

ताडपत्रीचा सीझन तोंडावर होता. ती कामं मागे ठेवून मी थैल्या केल्या, टेम्पोत घालून नेल्या आणि स्वतः उभी राहून बसवल्या. बोट चालवायला मालवणचा नंदू ठेवला होता. लाटेवर उभं राहायला गोव्याहून एक ट्रेनर मुलगी आली होती. ट्रायलला आम्ही तिघंच. थैल्या भरल्या, डावा कोपरा खाली बसला, आणि मागे अशी लाट उठली की ट्रेनरनं दोरी सोडून दोन्ही हात वर केले. नंदू म्हणाला, "ताई, लाट एकदम भारी हा!" भैयासाहेब काठावरून टाळ्या वाजवत होते. कन्सल्टंट म्हणाले, "वारा फेव्हरेबल आहे."

उद्घाटनाच्या दिवशी मंडप, माईक, सनई, सगळं होतं. सत्काराच्या खुर्च्यांची ओळ होती. माझं नाव त्या ओळीत असेल म्हणून मी नवी पैठणी नेसले होते. भैयासाहेबांच्या वहिनी लगबगीनं आल्या आणि माझ्या हातात ताट दिलं. "ताई, तुमी नीट नेसून आल्या, तुमीच ओवाळा पाहुन्यायले."

मी ओवाळलं. कन्सल्टंटनाही ओवाळलं. त्यांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. माईकवरून सांगितलं गेलं की या अत्याधुनिक बॅलास्ट यंत्रणेमागचा मेंदू पुण्याहून आला आहे. मी ताट इतक्या जोरात टेबलावर ठेवलं की निरांजन विझलं.

मग पाहुणे बोटीत बसले. बोटीला नाकाकडे गोल बैठक असते, तिथे सगळे गेले. एकजण मागे जाऊन बसेल तर शपथ. आपल्याकडे पुढे बसणं म्हणजे मान. लग्नात पुढचा सोफा, सभेत पुढची रांग, जीपमध्ये पुढची सीट. "साहेब, पुढं या. दादा, पुढं या. अहो, तुमी मांगं काहून?" असं करत करत बोटीतला सगळा मानसन्मान नाकात गोळा झाला. त्यात आमदारकीला उभे राहू इच्छिणारे दोघे होते. ते दोघे तर अगदी टोकाला.

नंदूनं बोट काढली. नाक खाली, शेपूट वर. मागे लाट म्हणून जे उठलं त्यानं बदकसुद्धा हललं नसतं. ट्रेनर फळीवर उभी राहिली आणि बसली. पुन्हा उभी राहिली आणि बुडाली. तेवढ्यात पुढून पाणी आत आलं आणि एका इच्छुकाचे बूट भिजले. नंदूनं इंजिन बंद करून बोट काठाला आणली.

"तुमच्या बॅगा लीक झाल्या!" भैयासाहेब मंडपातून धावत आले. "ताई, सगळ्यायसमोर नाक कापलं माह्यं!"

"आय हॅड वॉर्न्ड यू," कन्सल्टंट शाल सावरत म्हणाले. "लोकल मटेरियल."

मी पैठणी खोचली आणि बोटीत उतरले. तिन्ही थैल्या हातानं दाबून पाहिल्या. टणक. थेंब कुठे नाही. "या, पाहा," मी म्हटलं. "थैल्या जागेवर आहेत. पाहुने जागेवर नाईत."

"मंग काय होनाऱ्या आमदारसाहेबाले मांगं बसा म्हनू? भर कार्यक्रमात?" भैयासाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "ताई, तिकीट माहीत नाई कोनाले भेटते. ज्याले मांगं बसवीन तो जन्मभर ध्यानात ठेवीन."

त्यांची अडचण खरी होती आणि माझी त्याहून खरी. दहा मिनिटांत लाट उठली नाही तर तिरप्या थैल्या पुन्हा टेम्पोत.

पाहुणे उतरून मंडपात गेले, तेवढ्यात मी रिसॉर्टच्या ऑफिसात गेले. भैयासाहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल होता. सरकारी ऑफिसात साहेबाची खुर्ची कोणती हे कुणाला विचारावं लागत नाही. जिच्या पाठीवर टॉवेल, ती. मी तो टॉवेल उचलला, बोटीत मागच्या डाव्या सीटवर नीट अंथरला, बाजूला बिसलरीची बाटली आणि काजूची प्लेट ठेवली. पुढच्या बैठकीवर लाइफ जॅकेटं पसरून टाकली.

मग माईकवाल्याला सांगितलं, "म्हना, मान्यवरांची आसनव्यवस्था मागील बाजूस केली आहे. बाकीच्यांनी कृपया पुढे बसावे."

'बाकीचे' कुणीच निघाले नाहीत. पहिल्या इच्छुकानं टॉवेल गाठला. दुसरा त्याला चिकटून बसला, अर्धा टॉवेलवर. उरलेले त्यांच्या शेजारी, हाताला येईल त्या जागी. बोटीचा डावा कोपरा असा खाली बसला की नंदू ओरडला, "ताई, पाणी सोडा! जास्त झालं!"

वेगळे व्हॉल्व्ह यासाठीच ठेवले होते. मी मागची डावी थैली पूर्ण रिकामी केली, उजवीही रिकामी केली. पुढच्या थैलीत पाणी राहू दिलं. नंदूनं वजनाची पट्टी पाहिली, मान हलवली, बोट काढली.

लाट उठली. ट्रायलपेक्षा मोठी. ट्रेनरनं दोरी सोडली आणि मान्यवरांच्या अगदी जवळ येऊन त्यांना नमस्कार केला. मंडपात शिट्ट्या झाल्या. कन्सल्टंटनी माईक हातात घेतला आणि बॅलास्टच्या शास्त्रावर बोलायला लागले.

मला वाटलं, झालं. आता भैयासाहेब येतील आणि पसंत म्हणतील. ते आले, पण विचार करत आले.

"ताई, मांगच्या दोन्ही थैल्या रिकाम्या होत्या ना?"

"हौ."

"तरी लाट उठली."

"मानसं बसली होती ना त्या जागी!"

"तेच म्हनून राह्यलो. मंग थैल्या कायले पायजे? मानसंच बसवू. आपल्याकडं मानसायले काय कमी आहे?"

मी त्याच संध्याकाळी थैल्या काढल्या. पैठणीतच काढल्या. नंदू मदतीला आला, त्यालाही मी ओरडले. त्याचा काही दोष नव्हता.

पुढचा आठवडा भैयासाहेबांनी माणसांवर बोट चालवली. बागेतले मजूर बसवले, त्यांना दिवसभराची मजुरी आणि वर नाश्ता द्यावा लागला. मग गावातली रिकामी मंडळी बसवली. ती लाट पाहायला एकदम उठून उभी राहायची. एकाला उलटी झाली की तिघं दुसऱ्या बाजूला सरकायचे आणि लाटही त्यांच्याबरोबर सरकायची. एकानं तर मधेच उतरवून द्या म्हणून हट्ट धरला, म्हशी सोडायच्या होत्या. हे सगळं मला नंदूनं फोनवर सांगितलं. त्याला मी परत एकदा सांगायला लावलं.

मग भैयासाहेब स्वतः अकोल्याला आले.

"थैल्या देता का?"

"पसंतीवर नाई. कायमच्या. अन् बोटीवर माह्या वर्कशॉपचं नाव पायजे. बाहेरून. मोठ्या अक्षरात."

"आतून लिहू ना, सीटच्या झाकणाखाली."

"झाकणाखाली तुमचं नाव लिहा."

उजव्या बाजूला कन्सल्टंटचा लोगो आधीच रंगवून झाला होता. नाकावर रिसॉर्टचं नाव. बराच वेळ घासाघीस झाली, दोनदा मी त्यांना दार दाखवलं, दोनदा ते चहा संपवायला परत बसले. शेवटी मागचा डावा कोपरा ठरला. मी लगेच हो म्हटलं. काठावर उभ्या माणसाला तोच कोपरा आधी दिसतो, हे मी उद्घाटनाला पाहून ठेवलं होतं. सौदा जिंकल्याच्या आनंदात मी त्यांना एक ताडपत्री फुकट दिली.

आता बोट काठाला उभी असते तेव्हा माझं नाव लांबून वाचता येतं. मग नंदू पंप सुरू करतो, थैल्या भरतात, डावा कोपरा ठरल्याप्रमाणे खाली बसतो आणि नाव पाण्याखाली जातं. थैल्या जितक्या चांगल्या चालतील तितका वेळ ते खालीच राहतं. कन्सल्टंटचा लोगो उजवीकडे कोरडा असतो.

या धंद्यात उतरणाऱ्याला माझा एकच सल्ला आहे. बोटीवर नावाची जागा ठरवायची असेल, तर माप भरलेल्या बोटीवर घ्या.