पाचापैकी तीन

"स्क्रीनवर काय दिसतंय तुम्हाला?" लवू परबांनी विचारलं.

"मी दिसतेय," पलीकडून एक बाई म्हणाल्या. "आणि मागे भिंतीवरचं कॅलेंडर."

परबांनी कॅमेरा बंद कसा करायचा ते समजवायला घेतलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "कॅमेऱ्याचं नंतर बघू हो. आधी हा सुरू कसा करायचा ते सांगा. सकाळपासून नुसता काळा आरसा झालाय."

अंधेरीच्या एमआयडीसीत, काचेच्या एका इमारतीत, लॅपटॉप विकणाऱ्या एका कंपनीचं मदत केंद्र आहे. तिथे फोन लावला की आधी यंत्र बोलतं, मग बासरी वाजते, आणि बासरीलाही जो पुरून उरतो त्याला माणूस मिळतो. मराठीसाठी जो आकडा दाबायचा, त्याच्या दुसऱ्या टोकाला परब बसतात. त्यांची पन्नाशी जवळ आलेली आहे. आजूबाजूची मुलं त्यांच्या निम्म्या वयाची असल्यामुळे सगळे त्यांना लवूकाका म्हणतात.

परबांचे वडील परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घर दहिसरला आलं. तिथे परबांनी टायपिंगचा क्लास काढला. तो कॉम्प्युटरने बुडवला. मग त्यांनी कॉम्प्युटर घेऊन सायबर कॅफे काढला. तो मोबाइलने बुडवला. एकाच माणसाला दोन यंत्रांनी लागोपाठ रस्त्यावर आणायचं आणि तिसऱ्या यंत्राची गाऱ्हाणी ऐकायला पुन्हा त्यालाच बसवायचं, यात जगाची काटकसर दिसते. परबांनी या गोष्टीचा असा कधी विचार केलेला नाही. ते सकाळी मेट्रोने अंधेरीला येतात, हेडफोन चढवतात आणि म्हणतात, "नमस्कार, बोला, काय झालं?"

हे "काय झालं?" ते अशा आवाजात विचारतात की माणसाला आपली सगळी दुखणी आठवावीत. गुडघ्यांपासून सुरुवात करून लॅपटॉपपर्यंत पोचणारे लोक त्यांच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या पत्नीला, नलिनीवहिनींना, याचं भारी नवल वाटतं. "घरी विचारलं तर 'हूं' म्हणतोस," त्या म्हणतात. "आणि तिकडे लोकांच्या बायकांशी तासतासभर?"

"लॅपटॉपविषयी बोलतो गो."

"मग मीपण घेते एक."

मुलुंडचे मार्तंड आठल्ये सर परबांच्या आयुष्यात आले ते एका चौकटीमुळे. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. बोर्डाच्या परीक्षांचे बरीच वर्षं मॉडरेटरही होते. म्हणजे पेपर तपासणाऱ्यांना तपासणारे. मुलीने, दीप्तीने, त्यांना लॅपटॉप घेऊन दिला होता. तो पहिल्यांदा सुरू करताना पडद्यावर एक मजकूर येतो आणि खाली एक चौकट येते: 'मी अटी वाचल्या आहेत व मला त्या मान्य आहेत.' आजवर मनुष्यजातीने या चौकटीवर डोळे मिटून खूण केलेली आहे.

"तिथे टिक करा सर, आणि पुढे जा," परब म्हणाले.

"न वाचता 'वाचलं' म्हणू?"

"सगळे तसंच करतात, सर."

"सगळे कॉपीही करतात," सर म्हणाले. "थांबा. वाचतो."

परब थांबले. दुसरा कोणीही 'नंतर करा' म्हणून फोन ठेवून मोकळा झाला असता. पण सर वाचताना मधे मधे शंका विचारत होते, आणि विद्यार्थ्याला अर्ध्यात सोडायची परबांना टायपिंग क्लासपासून सवय नव्हती. अट क्रमांक एकोणीस सरांना सतराशी विसंगत वाटली. परबांनी ती आयुष्यात पहिल्यांदाच वाचली आणि त्यांनाही तसंच वाटलं. जेवणाची सुट्टी येऊन गेली. शेवटी सरांनी नापसंती नोंदवून चौकटीत खूण केली आणि लॅपटॉप सुरू झाला.

"परब, तुम्ही चांगले शिक्षक आहात," सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी याआधी कुणाला म्हटल्याचं मुलुंडमध्ये कुणाला आठवत नाही.

परबांनी फोन ठेवला की पलीकडे पुन्हा यंत्र बोलू लागतं: आमच्या प्रतिनिधीला एक ते पाचमध्ये गुण द्या, पाच म्हणजे सर्वोत्तम. सरांनी विचार केला आणि आकडा दाबला. मग सोसायटीच्या बागेत संध्याकाळी त्यांचा जो कट्टा भरतो, तिथे त्यांनी परबांची शिफारस केली. कट्ट्यावर बहुतेक निवृत्त शिक्षक, आणि बहुतेकांना मुलांनी लॅपटॉप घेऊन दिलेले. ते कपाटात होते. दुसऱ्या दिवसापासून कपाटं उघडली.

शकुताई दामल्यांचा लॅपटॉप तापून बंद पडायचा. बऱ्याच चौकशीअंती कळलं की त्यांनी त्याला क्रोशाचं कव्हर विणलं आहे आणि तो चालू असतानाही ते काढत नाहीत. "टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, यालाच नाही हे बरं दिसत नाही," त्या म्हणाल्या. कव्हर निघालं, तर लॅपटॉपमध्ये जागा शिल्लक नसल्याचं उघड झालं. नातवाचे फोटो डिलीट केल्यावर जातात ती कचरापेटी त्यांनी कधी रिकामीच केली नव्हती.

"करा आता रिकामी, ताई."

"आता? दिवे लागले की हो. दिवेलागणीनंतर केर काढत नाही मी."

परबांच्या आईनेही जन्मात कधी काढला नव्हता. "मग सकाळी करूया," ते म्हणाले. "मी स्वतः फोन करतो. दहा वाजता चालेल?"

"पूजा आटपते तोवर. चालेल."

कट्टा असा एकेक करून परबांकडे येत गेला. सगळे खूश होऊन फोन ठेवत. आणि त्या महिन्यात लवू परबांचे गुण कोसळले.

हे त्यांना सांगितलं गंधालीने. गंधाली त्यांची टीम लीडर, म्हणजे वयाने त्यांच्या मुलीएवढी आणि हुद्द्याने साहेब. त्यामुळे ती त्यांना 'काका' म्हणून रागावते.

"काका, काय चाललंय? तुमचं ॲव्हरेज बघा. सगळं लाल आहे. एवढे नाराज कस्टमर?"

"नाराज कोण नाही गो. काल एक बाई मला लाडू पाठवते म्हणत होती."

"लाडू नकोत, पाच पाहिजेत. या महिन्यात चारच्या वर गेला नाहीत ना, तर वरचे ऐकणार नाहीत. तुम्हाला चॅटवर टाकतील."

चॅट म्हणजे वरच्या मजल्यावरचं खातं. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. चार गिऱ्हाइकांना एकाच वेळी इंग्रजीतून, आधीच तयार करून ठेवलेली वाक्यं पाठवायची असतात. 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' हे वाक्य एका बटणात आहे. परबांकडे होता तो आवाज, आणि वरच्या मजल्यावर त्याची गरज नव्हती. चॅटवर गेलेली वयस्क माणसं महिनाभरात आपणहून घरी बसतात. कंपनीला कुणाला काढावं लागत नाही. परबांनी तीन धंदे बुडताना पाहिले होते, गिरणी धरून, आणि चौथ्याची लक्षणं त्यांना ओळखता येत होती. "काय ता बघूया," एवढंच ते म्हणाले. गिऱ्हाइकाकडे गुण मागायला बंदी होती; सगळे फोन रेकॉर्ड होतात.

चौकशी करायचा अधिकार मात्र गंधालीला होता. तिने लाल यादीतलं पहिलं नाव काढलं आणि मुलुंडला फोन लावला.

"नमस्कार सर, आमच्या प्रतिनिधीला तुम्ही तीन गुण दिलेत. काय कमी पडलं, सांगाल का?"

"काही कमी पडलं नाही," आठल्ये सर म्हणाले. "पडलं असतं तर दोन दिले असते."

"मग तीन का, सर?"

"पाचापैकी तीन म्हणजे किती टक्के?"

गंधाली इंजिनिअर आहे, तरी तिने बोटांवर मोजून घेतलं. "साठ."

"साठ टक्के म्हणजे काय?"

"म्हणजे... साठ टक्के."

"फर्स्ट क्लास, बाळ! साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. अख्ख्या कट्ट्याला सांगितलंय मी, माणूस फर्स्ट क्लास आहे, तर फर्स्ट क्लासच द्या. देतात ना सगळे?"

"देतात सर," गंधाली क्षीण आवाजात म्हणाली. "एकजात सगळे देतात." आणि मग, जे सांगायचं नसतं ते तिने सांगून टाकलं. "सर, आमच्याकडे चारच्या खाली नापास."

"ऐंशी टक्क्यांच्या खाली नापास? मग पाच कुणाला देता?"

"सगळ्यांनाच. सगळे सगळ्यांना पाचच देतात."

"तर मग परीक्षा कशाला घेता?"

गंधालीने चॅटचं सांगितलं.

"म्हणजे त्या माणसाने बोलायचंच नाही?"

"नाही, सर."

"पैकीच्या पैकी मी दीप्तीलासुद्धा दिले नाहीत," सर म्हणाले. "आणि ती माझ्याच वर्गात होती." त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी कट्ट्यावर सरांनी विषय काढला. आपण एका चांगल्या माणसाला सामुदायिकरीत्या नापास केलं आहे, हे ऐकून मंडळी हादरली. पण उठून पाच देणं हाही भ्रष्टाचारच होता. शेवटी सरांनी विचारलं, "एखाद्या केंद्रावर सगळेच पेपर कडक तपासले गेले, तर बोर्ड काय करतं?"

"मॉडरेशन," शकुताई म्हणाल्या.

"तेच. सरसकट दोन वाढवा."

तत्त्व वाचलं, पण अडचण उरली. दिलेले गुण बदलता येत नव्हते. नवे गुण द्यायचे तर नवा फोन हवा, फोनला तक्रार हवी, आणि ही माणसं खोटी तक्रार करणाऱ्यांतली नव्हती. तेव्हा प्रत्येकाने घरी जाऊन लॅपटॉप प्रामाणिकपणे बिघडवला.

"परब, माझ्या लॅपटॉपचा आवाज बंद झालाय," दुसऱ्या दिवशी शकुताई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"आत्ताच. मी बंद केला."

"मग चालू करा की, ताई."

"मला येतो चालू करता. पण तुम्ही सांगा, मी करते."

त्यांच्यामागून भूगोलाचे एक सर आले. त्यांनी कुठली बटणं दाबली देव जाणे, त्यांचा पडदा उलटा झाला होता आणि ते मान वाकडी करून बोलत होते. एका बाईंनी पासवर्ड बदलला होता आणि तो त्या खरोखरच विसरल्या होत्या. दिवसभर मुलुंडहून फोन येत राहिले. परब घाबरून गंधालीकडे गेले.

"मॅडम, मुलुंडमध्ये व्हायरस शिरलाय. पूर्व बाजूला जास्त आहे."

गंधालीने आकडे पाहिले. पाच, पाच, पाच. तिने चेहरा सरळ ठेवला. "बघा काका, तुम्हीच निस्तरा."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी परबांची सरासरी चारच्या केसभर वर होती. संध्याकाळी सहाला आकडे गोठतात. साडेपाचच्या सुमाराला फोन आला: आठल्ये सर. ते मॉडरेटर असल्यामुळे स्वतः मॉडरेशनमध्ये बसत नव्हते. त्यांना खरी अडचण येईपर्यंत ते थांबले होते. त्यांनी लिहून ठेवलेली गणितं लॅपटॉपमध्ये कुठे गेली ते सापडत नव्हतं. परबांनी ती शोधून दिली. गंधाली मागे उभी राहून नखं खात होती. सरांचा एक फर्स्ट क्लास पडला तर काकांची सरासरी पुन्हा चारच्या खाली जाणार होती.

परबांनी फोन ठेवला. थोड्या वेळाने पडद्यावर आकडा उमटला. चार.

"वाचलो," गंधाली म्हणाली, तोच पुन्हा घंटी वाजली.

"परब, आठल्ये बोलतोय. एक गुण कापलाय. का कापला ते विद्यार्थ्याला कळलं पाहिजे, म्हणून फोन केला. तुम्ही दर वाक्याला 'ओके सर' म्हणता."

"ओके सर."

"ठीक आहे. ठेवू?"

गंधालीने परबांच्या खांद्याला गच्च धरलं. हा नवा फोन होता. परबांनी तो ठेवला की यंत्र पुन्हा गुण विचारणार होतं, आणि या वेळी सर काय दाबतील ते सांगता येत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात सहाला अजून वेळ होता. फोन किती लांबवायचा याबद्दल परबांना आजवर बोलणी बसली होती. आता त्यांची साहेब समोर उभी राहून दोन्ही हातांनी रबर ताणल्याची खूण करत होती.

"सर, जरा थांबा," परब म्हणाले. "ही सरासरी म्हणतात ती मला नीट कळली नाही कधी. एक आकडा वाढला की सगळी का हलते?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पेन घ्या," आठल्ये सर म्हणाले. "आणि घाई करायची नाही."

परबांनी खरंच पेन घेतलं. सहा वाजले, आकडे गोठले, गंधालीने सुटकेचा श्वास सोडून 'ठेवा आता' अशी खूण केली. परबांनी नकारार्थी मान हलवली. सर नुकतेच पहिल्या उदाहरणापर्यंत आले होते.