आक्काच्या कानाशी बसून

तार पुण्याला दत्तूच्या कारखान्यावर आली. दत्तू माझा मुलगा. सूनबाईचं बाळंतपण होतं म्हणून मी दीड महिना त्याच्या खोलीवर राहिले होते. तारेत एवढंच, ‘ठकुबाई सीरियस, ताबडतोब निघा.’ दत्तू मला समजावायला लागला, “आई, थोरली आई आजारी असेल, घाबरू नको.” मी म्हटलं, “बाबा, आजारी असती तर पोस्टकार्ड आलं असतं.” तारेत सीरियस लिहिलं की काय समजायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शिरूरचा पूल ओलांडून एसटी आपल्या जिल्ह्यात शिरली तोवर मी रडून मोकळी झाले होते. पारनेरला उतरून घरी पोचले तर अंगणात माणसं खाली मान घालून बसलेली. विचारायची गरजच नव्हती.

ठकुबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणायचे, ती मला यमे म्हणायची. एका घरात आमचा जन्म गेला. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, पण चूल आम्ही दोघींनी मोडू दिली नाही. आधी तिचा नवरा गेला, मग माझा. दत्तू नोकरीला लागला आणि त्या घरात आम्ही दोघीच उरलो. ती गेली ती दुपारी जेवून निजली असताना. शेजारीण ताक घेऊन आली होती, तिनं दारातून दोन हाका मारल्या. आक्काला ऐकू कमी येतं हे सगळ्या गावाला ठाऊक, म्हणून हाक पोचली नसेल असं समजून ती बिचारी ताक झाकून ठेवून परत गेली. चहाच्या वेळेला पुन्हा आली तेव्हा कळलं. त्या बाईला दोष कसा देणार... मीही तेच केलं असतं.

आक्काचे कान गेले ते पाचसहा वर्षांपूर्वी, तापात. अगदी ठार बहिरी नव्हती. जवळून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोललं की तिला सगळं कळायचं. लोकांना ते जमत नाही. लोक ओरडतात. ओरडलेलं तिला अजिबात कळायचं नाही आणि वर राग यायचा. “आरडू नको रं, मी काय वढ्याच्या पल्याड हाय व्हय?” असं ती तलाठ्यालासुद्धा म्हणाली होती.

मोठा दुष्काळ सरला आणि पुढं पुण्याकडून टीव्ही दिसायला लागला. आमचं गाव पठारावर, मध्ये आडोसा नाही. दोघी म्हाताऱ्यांना सोबत होईल म्हणून दत्तूनं टेम्पोत घालून पेटी आणली आणि छपरावर लांबलचक लोखंडी नळी उभी करून तिच्या टोकाला अँटेना बांधला. पहिल्या रविवारी सिनेमाला अर्धं गाव लोटलं. पण पडद्यावर मुंग्याच मुंग्या! दारात मुलगा आलाय की वाणी, ओळखू येत नव्हतं. दोनचार रविवार गेले आणि लोक यायचे बंद झाले. एक म्हातारा जाताना म्हणाला, “वहिनी, मुंग्या तर आमच्या गुळाच्या डब्यात बी हायेत.”

चित्राचं आम्हाला एवढं काही नव्हतं. आम्हाला बोलणं ऐकायचं होतं. सिनेमा म्हणजे बोलणं. जत्रेतल्या तंबूत बसून बसून हिंदीसुद्धा आम्हा दोघींना कळायला लागलं होतं. पण आक्काला टीव्हीतला एक शब्द लागेना. मी आवाजाचं बटण पिळलं की वरचे पत्रे दणदणायचे, गाणं छाती फोडायचं आणि माणूस बोलायला लागला की तोंडात भाकरी कोंबल्यासारखं. मग मी एकेक युक्ती करत बसले. पेटी लोखंडी ट्रंकेवरून काढून पाटावर ठेवली, तेव्हा घुमणं थोडं कमी झालं. भिंतींना गोधड्या टांगल्या, पत्र्याखाली दोन जुनी लुगडी ताणून बांधली, आणखी कमी झालं. मग ध्यानात आलं की आवाजाची जाळी पेटीच्या बाजूला आहे, तोंडाला नाही. म्हणजे सगळं बोलणं भिंतीशी चाललेलं! पेटी फिरवून जाळी आक्काकडे केली, तर चित्र भिंतीकडे. आक्का म्हणाली, “आसं कर यमे, तू चित्र बघ, मी जाळी बघते.” हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

शेवटी मीच तिच्या खाटेवर, उजव्या कानाशी बसायला लागले. पडद्यावरचं माणूस बोललं की मी पदराचा आडोसा करून तेच तिच्या कानात सांगायचे. सुटं सुटं, सावकाश. रविवारची संध्याकाळ आम्हा दोघींची झाली. तिच्या केसांना खोबरेलाचा वास असायचा, तो अजून माझ्या नाकात आहे.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती वसंताला विचारून लिहिते आहे. वसंता आक्काचा एकुलता मुलगा. मुंबईला गिरणीत होता. त्यानं तिथंच आपल्या मनानं, दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केलं आणि तिला घेऊन दारात उभा राहिला. आक्का उंबऱ्यातून म्हणाली, “पुन्हा मला तोंड दाखवू नको.” तो उलट्या पावली गेला. आईचा शब्द त्यानं असा पाळला की चार वर्षांत चिठ्ठी नाही की निरोप नाही. आक्का त्याचं नाव काढायची नाही, पण दुपारची एसटी फाट्यावर थांबायच्या वेळेला हातातलं काम टाकून अंगणात यायची. ऐकू येत नसताना तिला ती वेळ कशी कळायची, देव जाणे.

तर एका रविवारच्या सिनेमात असंच झालं. मुलगा घर सोडून गेला, आई अंथरुणाला खिळली, दार वाजलं. आत आला तो डॉक्टर. आक्कानं माझा हात घट्ट धरला होता. तिनं विचारलं, “कोन आलं गं?” मुंग्यांत तिला कळेना. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मुलगा आला.” मग त्या डॉक्टरच्या तोंडी मी काय काय घातलं... “आई, माझं चुकलं, मला घरात घे.” डॉक्टर नाडी बघत होता आणि मी सांगत होते की पोरगा हात धरून रडतोय. आक्का पदरानं डोळे पुसत म्हणाली, “आलं बाई लेकरू.” त्या रात्री ती भाकरी नीट जेवली. मला वाटलं, बरं केलं आपण. आणि मग मला चटकच लागली. सिनेमात कुणीही दारातून आत येऊ दे, पोस्टमन येऊ दे, नाहीतर फौजदार येऊ दे, आक्काच्या कानात तो मुलगा होऊनच यायचा. वर्षभर मी असे किती मुलगे घरी आणले, मोजले नाहीत.

दिवाळीला दत्तू कारखान्यातल्या एका मित्राला घेऊन आला. तो रेडिओ दुरुस्त करणारा. त्यानं टीव्हीतून लांब वायर काढली, लाकडी पेटीत एक स्पीकर बसवला आणि ती पेटी आक्काच्या उशाशी ठेवली. जाड आवाज कापला, बारीक आवाज उचलला. मला म्हणाला, “मावशी, जाड आवाजानं घर हलतं, शब्द असतो बारकात.” आणि काय सांगू, त्या पेटीतून शब्द असा स्वच्छ यायला लागला, जणू अडकित्त्यानं सुपारी कातरावी. आक्का उठून बसली. “यमे, मला ऐकू येतंय गं! तुझी कटकट मिटली!” सगळे हसले. मीही हसले. पण त्या दिवसापासून खाटेवरची जागा सोडून मी खाली चटईवर बसायला लागले. कानाशी बसायचं काही कारणच उरलं नव्हतं.

तीनचार रविवार गेले. एकदा सिनेमा संपला, मी लुगड्याचे ओचे झटकून उठले, तर आक्का माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “यमे, ही पेटी आल्यापासनं एक बी पोरगं घरी आलं न्हाई.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली मान घातली. ती म्हणाली, “समदे सिनेमे एकदम कसे बदलले?” मी चटईची घडी घालायला लागले. “खोटं सांगत हुतीस व्हय वरीसभर?” मी मानेनंच हो म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून निजली. चार दिवस आमच्यात शब्द नव्हता. एका चुलीवरची भाकरी दोघी पाठीला पाठ लावून खात होतो. मी कितीदा तरी तिच्या कानाशी गेले आणि परत आले. बहिऱ्या माणसाशी अबोला किती सोपा असतो! त्यानं फक्त तोंड फिरवायचं, की आपण काही करू शकत नाही.

पाचव्या दिवशी मी शेंगा निवडत होते तेव्हा ती जवळ येऊन बसली. सुपातल्या शेंगा हातात घेऊन म्हणाली, “सिनेमातलं तू बदललंस, बदल. ते कुनाचं कुनाला? पर माझं बोलनं बदलू नको.” मला कळेना. ती पुढं बोलली, “वसंता आज ना उद्या येईल. मी नसंन तवा. त्यो तुलाच इचारील, आई काय म्हनली. तवा तू आपली नेहमीसारखी ग्वाड करून सांगशील, आईनं तुला कवाच माफ केलं म्हनून.”

“मग काय सांगू?”

“दोन्ही सांग. मी त्याला तोंड दाखवू नको म्हनले, ती मनापासनं म्हनले. रागात न्हाई. आन त्याची वाट बघितली, ती बी मनापासनं. एकच सांगू नको. एकच सांगितलं तर ती मी न्हाई.”

“आक्का, तूच पत्र टाक ना. मी लिहिते. तू सांगशील तसं लिहिते.” मी शाळेत गेले नव्हते, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत लिहायला शिकले, ते अशा वेळी कामी येईल असं मला वाटलं. तर म्हणाली, “न्हाई. तेवढं मला हुनार न्हाई.” आणि शेंगा फोडायला लागली.

वसंता दहाव्याच्या आदल्या दिवशी आला. त्याच्या गिरणीतला पत्ता दत्तूनं कसाबसा शोधून काढला होता. बरोबर बायको होती, तीन वर्षांची मुलगी होती. माणसं पांगल्यावर तो आतल्या खोलीत येऊन आक्काच्या खाटेवर बसला. बराच वेळ गोधडीवरून हात फिरवत होता. मग म्हणाला, “काकी, आई माझ्याबद्दल काही बोलली का गं?”

खरं सांगते, गोड वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. वर्षभराचा सराव होता. पोरगा चार वर्षांनी आलेला, आईचं तोंड बघायला मिळालेलं नाही, दाढी वाढलेली... एक वाक्य बोलले असते तर त्याच्या जिवाला थंडावा मिळाला असता, आणि कुणाला कळणार होतं? मी त्याच्याजवळ खाटेवर बसले. त्याचे कान धड आहेत हे ठाऊक असून त्याच्या कानाशी वाकले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, तिनं सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. पहिलं आधी, दुसरं नंतर. मधे काही घातलं नाही, मागं काही जोडलं नाही.

पहिलं ऐकून त्याचा चेहरा उतरला. दुसरं ऐकून त्यानं गोधडीत तोंड खुपसलं. मग त्याला रडताना हसू आलं. म्हणाला, “आईच बोलली ही. तू सांगितलंस, पण आईच बोलली.”

तो परत मुंबईला गेला. दत्तू मला पुण्याला चल म्हणतो. मी जाईन म्हणते, पण अजून निघालेले नाही. रविवारी टीव्ही लावते. स्पीकरची पेटी तिच्या उशाशी आहे, आणि मी खाली माझ्या चटईवर बसते. तिथून बोलणं निम्मंच लागतं. हल्ली माझेही कान पहिल्यासारखे राहिले नाहीत. खाटेवर जाऊन बसले, तर सगळं स्वच्छ ऐकू येईल... दर रविवारी मनात येतं. मग सिनेमा संपतो, मी बटण बंद करते आणि गोधडीची घडी तशीच ठेवून स्वयंपाकघरात जाते.