चढवून देण्याची सोय

कामशेतहून लोणावळ्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या पाटीवर लिहिलेलं असे, 'प्रवाशांच्या सर्व सोयी'. सोयी होत्याही. ड्रायव्हरशेजारच्या बैठकीला गादी होती, आरशाला झालर होती, तांदळाची पोती टपावर न्यायला मागे लोखंडी शिडी होती. माणसांनी मात्र जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवरच्या दारातून आत शिरायचं. तिथे पायरी नव्हती.

बेडशाच्या एका मावशीच्या पायाला जखम झाली होती. गुडघा वाकत नसे. दर मंगळवारी पट्टी बदलायला तिला लोणावळ्याचा दवाखाना गाठावा लागे, तोही बारा वाजायच्या आत. स्टँडावर ती ज्याला-त्याला विनवी, मग दोन हमाल तिला काखेत धरून आत लोटत.

मी तेव्हा विशीतला. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, एवढंच मला येत होतं. 'माणूस की पोतं?' असं पत्रक छापून मी मालकाकडे पाठवलं आणि मंगळवारी मोटारीच्या दारात उभा राहिलो. हमाल मावशीला उचलायला आले, त्यांना हात आडवा घातला.

"पायरी बसेपर्यंत हिला कुणी उचलायचं नाही! हा माणुसकीचा अपमान आहे!"

"बरं, ऱ्हायलं," म्हणून ड्रायव्हर मोटार घेऊन गेला.

मावशी धुरळ्यात उभी. "लय उपकार झालं, बाबा. आता तुजं पत्रकच बांद माज्या पायाला."

"मावशी, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तुजं, पाय माजा."

हमाल हसत हसत मालधक्क्याकडे गेले. तासाभराने दुसरी मोटार आली, तेव्हा उचलायला मी एकटाच.

"नीट धर की! मी काय काचंची हाय व्हय?"

आत पोचलो ते दोघंही आडवे. दवाखान्यात कंपाउंडर कुलूप शोधत होता. माझं भाषण ऐकण्यापेक्षा पट्टी बांधलेली बरी, असं त्याला वाटलं असावं.

मालकाने पत्रक वाचलं, हे मान्य केलं पाहिजे. पुढच्या मंगळवारी पाटीवर ताज्या रंगात ओळ वाढली होती: 'वृद्ध व पंगू प्रवाशांस चढवून देण्याची सोय.' पायरी नव्हतीच. मी पेटलो, तिथल्या तिथे दुसरं पत्रक मनात जुळवू लागलो.

मावशीने मला ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग लंगडत ड्रायव्हरपुढे जाऊन उभी राहिली.

"उतर खाली. चढीव मला. पाटीवर लिवलंय."