पूंबारैचा बाळदेव

यांच्या बायपासची तारीख ठरली आणि पुण्याहून वन्संचा फोन आला. धीर देतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "तुमचा तो साउथचा फोटो पाहिला. मुरुगनच्या देवळात गेली होतीस का गं? अगं, मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी!"

आपल्याकडे बायका कार्तिकस्वामीचं दर्शन घेत नाहीत. घेतलं तर सात जन्म वैधव्य, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण कोडाईकनालच्या पुढचं ते पूंबारै गाव, उतारावर लसणाचे नि गाजराचे वाफे, मधोमध देऊळ. तिथे कुणाला काय विचारायचं सुचलंच नाही. मी चांगली डोळे भरून पाहून आले होते.

ग्लासगोत राहून इतकी वर्षं असल्या गोष्टींना हसत आले. पण आपल्या माणसाची छाती उघडणार म्हटल्यावर शहाणपण कुठल्या कुठे पळतं. देवाचा रागही आला. चुकले मी, मग शिक्षा यांना का? काळजी लागली की मी उपास धरते, हे यांना पाठ आहे. ऑपरेशनच्या दिवशी तर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही असं ठरवलं.

त्या दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये शेजारी एक तमिळ अम्मा येऊन बसल्या, जावयाला बघायला आलेल्या. त्यांनी डबा उघडला, तसा लसणाच्या लोणच्याचा वास सुटला. भात पुढे करत म्हणाल्या, "ईट, मा. अवर फार्म गार्लिक. पूंबारै."

तेच गाव! मग त्यांना समजेल अशा सोप्या इंग्लिशमध्ये त्यांना सगळं सांगून टाकलं आणि रडले. त्यांनी कपाळावर हात मारला. "अय्यो! तिथे तो बेबी आहे, मा. बेबी कुणाचा हजबंड नेईल? आम्ही न्यू ब्राइडला पहिलं त्याच्याकडेच नेतो!"

मी तो भात खाल्ला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. थोड्या वेळाने सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, सगळं नीट झालं. मागे वळून पाहिलं तर अम्मा जावयाकडे गेलेल्या. लोणच्याची बाटली मात्र माझ्या पिशवीत कोंबून ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी यांच्यावर वाकले, तेव्हा हे डोळे न उघडताच पुटपुटले, "लसणाचा वास येतोय. म्हणजे तू जेवलीस. म्हणजे मी वाचलो."

याला चमत्कार म्हणायचं का, मला ठाऊक नाही. अम्मा पुन्हा भेटल्या नाहीत. एवढं मात्र कळलं, की उपाशी राहून मी देवाची मनधरणी करत होते आणि तो माझ्यापुढे डबा धरून बसला होता. पुढच्या लसणाच्या हंगामात आम्ही दोघं पूंबारैला जाणार आहोत. वन्संनाही नेणार आहे.