सोडियमची बाटली

अकोल्याच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे एक परिचर आहेत. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊ खोकले की कपाटातल्या परीक्षानळ्या सावधान उभ्या राहतात. मे महिन्यात थर्मामीटरला चक्कर येते, पण भाऊंचा स्वेटर उतरत नाही. सोडियमबद्दल मात्र ते घरच्या तिरसट जावयाबद्दल बोलावं तसे बोलतात. "चाकूनं लोन्यावानी कापा, चूप राह्यते. पान्याचं नाव काढलं का भडकते!"

परवा नवे प्राचार्य पाहणीला आले. सोडियमच्या बाटलीतल्या रॉकेलचा वास त्यांच्या नाकात शिरला.

"ही घाण मोरीत ओता, बाटली धुऊन टाका. मुलांना व्हिडिओ दाखवू."

म्हणजे मुलांना खरं सोडियम पुन्हा दिसणार नव्हतं. वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणारा मी खाली बघत राहिलो.

भाऊ म्हणाले, "धुतो ना, सर. तुमी बाटली धरा, मी पानी ओततो."

"म्हणजे?"

भाऊंनी ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा कापून पाण्याच्या घमेल्यात टाकला. तो फुसफुसत पाण्यावर सैरावैरा धावला, पिवळा भडकला आणि फट्‌ वाजला. प्राचार्यांनी मागे मारलेली उडी, मला विचाराल तर, थेट ऐंशी किलोमीटरवरच्या बडनेरा स्टेशनात उतरली.

"आता धरता?" भाऊंनी बाटली पुढे केली.

"राहू द्या तिथंच!" आवाज दाराबाहेरून आला.

झाकण घट्ट लावून भाऊ माझ्याकडे वळले. "सर, तुमाले त हे ठाऊक होतं. मंग काहून गप होते?"

तेव्हापासून भाऊ खोकले की मीही सावधान उभा राहतो.