पळून आलेल्या बाई

"आता बघा, ही दोघं झोपणार नाहीत," असं सांगून बाई माइक हनुवटीला टेकवायच्या आणि गप्प व्हायच्या. पडद्यावर खरंच ती दोघं पलंगाच्या कडेला ताठ बसून राहायची. बाहेर कुठे मोटार थांबली की त्यांच्या माना एकदम दाराकडे वळायच्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नारायण पेठेतल्या एका लहान सभागृहात आमचं चित्रपट मंडळ रविवारी सकाळी जुने परदेशी चित्रपट दाखवायचं. खाली मराठी अक्षरं नसायची, म्हणून बाई पडद्याशेजारी उभ्या राहून संवाद मराठीत सांगायच्या. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, सुती साडीवर कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. भाषा अशी पुणेरी, की कुणी मागून "बाई, जरा मोठ्यानं" म्हटलं तर उत्तर यायचं, "आपणच जरा पुढे या. पुढच्या खुर्च्या चावत नाहीत."

त्यांचे यजमान मात्र कायम शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर. पुढे जागा असली तरी तिथेच.

त्या रविवारचा चित्रपट काळापांढरा, अमेरिकन होता. एक फरारी दरोडेखोर आणि त्याच्यासाठी घर सोडून आलेली मुलगी. चोरीची मोटार, स्वस्त लॉज, पेट्रोल पंपावरच्या माणसाची संशयी नजर. एका गावात ती दोघं लग्न करतात. टेबलामागचा माणूस काहीतरी विचारतो, ती एकमेकांकडे बघतात आणि उत्तर देतात. इथे बाईंचा आवाज थांबला. सभागृहात चुळबुळ झाली.

"बाई, काय म्हणाले ते?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "आपली खरी नावं सांगितली."

शेवटी पोलिसांनी वेढा घातला आणि त्याला गोळी लागली. बाईंनी माइक बंद करण्याआधी एवढंच म्हटलं, "दिग्दर्शकाला घरी जायची घाई दिसते."

मी कोथरूडला त्यांच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. सॉफ्टवेअर कंपनीतली माझी पहिली नोकरी. परतताना बसमध्ये त्यांच्या शेजारी बसले आणि सहज विचारलं, "ती दोघं झोपणार नाहीत, हे तुम्हाला कसं कळतं हो?"

"आम्ही नाही झोपलो," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, खिडकीबाहेर बघत, जणू दुसऱ्या कुणाचं. बाई वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावच्या. घर सोवळ्याचं. यजमान तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. ते बौद्ध, घर गावाच्या कडेला. दोघं निघून गेली, तशी बाईंच्या थोरल्या भावानं तक्रार दिली, की या मास्तरानं आमच्याकडचे दागिने चोरले. वॉरंट निघालं. मास्तर कायद्यानं फरारी झाले आणि बाई त्यांच्याबरोबर. खांडवा, इटारसी, जबलपूर. धर्मशाळेत खोटी नावं सांगायची, दोन रात्री एका ठिकाणी काढायच्या नाहीत.

"बोललं की पकडले जाऊ, अशी भीती," बाई म्हणाल्या. "माझी वऱ्हाडी मी तिथेच सोडली. हे पुणेरी पुढे शिकले."

एकदा इटारसीच्या फलाटावर मास्तर तापानं फणफणले होते. तिकीट तपासनीस लांबून येताना दिसला आणि तशाही अवस्थेत ते उठून पळायला लागले. बाईंनी त्यांचा सदरा धरला. "म्हटलं, पुरे. आता परत जायचं."

परत म्हणजे त्याच गावी, आणि तेही बाजाराच्या दिवशी, सगळं गाव जमलेलं असताना. दोघं स्टँडवर उतरली आणि भर बाजारातून थेट कोर्टात गेली. न्यायाधीशासमोर बाई म्हणाल्या, "घरातून एकच वस्तू गेली आहे साहेब. ती मी. मला कुणी चोरलं नाही. मीच मला घेऊन गेले." दागिने घरच्या कपाटातच निघाले. खटला टिकला नाही.

"बाहेर दादा उभा होता," बाई म्हणाल्या. "त्याच्यासमोरून चालत गेलो. धावलो नाही."

पुढच्या सीटवरून यजमान वळले. "माझे पाय लटपटत होते," ते म्हणाले. "हिचे नव्हते."

पिशवीत कोथिंबीर घेऊन बसलेल्या या बाईंकडे बसमधल्या कुणाचंही लक्ष नव्हतं, याचं मला नवल वाटत होतं.

पुढे दोन-एक वर्षांनी माझ्या टीममधल्या एका मुलीनं ऑफिसमधल्याच मुलाशी नोंदणी विवाह केला. ती यवतमाळकडची, तो दुसऱ्या जातीचा. तिचे काका माणसं घेऊन पुण्याला निघाल्याचं कळलं. दोघं बंगळूरची बस पकडायच्या तयारीत होती. मी त्यांना बाईंकडे नेलं.

"बंगळूरला दारं नसतात का?" बाईंनी विचारलं. "वाजवायला तिथेही येतील. इथेच बसा. आणि आधी खाऊन घ्या."

मग बूट चढवून त्या मजल्यामजल्यावर फिरल्या. प्रत्येक घरी एकच विनंती: "आज दुपारपासून आपलं दार उघडं ठेवा. आणि दारात उभे राहा."

दुपारी जीप आली. काका, मुलीचा भाऊ आणि आणखी दोघं जिना चढू लागले. पहिल्या मजल्यावर दोन्ही दारं उघडी, दारात माणसं. दुसऱ्यावरही तेच. कुणी वाटाणे सोलतंय, कुणी पेपर घेऊन उभं, कुणी एक शब्द बोलत नाही. चौघांची पावलं हळू होत गेल्याचं मला खाली माझ्या दारातून ऐकू येत होतं. त्यांच्या मागोमाग मी वर गेले.

वरच्या दारात बाई. आणि त्यांच्या तोंडून जी भाषा आली, ती मी तोवर कधी ऐकली नव्हती.

"या ना बाप्पा. उभे काहून राह्यले? इतक्या दुरून आले, पाणी तं घ्या."

काका चपापले. गावाकडचा आवाज ऐकून असेल, पण ते बसले. यजमान दाराजवळच्या खुर्चीवर होतेच.

"पोरगी आत हाय," बाई म्हणाल्या. "लपली नाही. बोला तिच्याशी, रागवा. पण नेता नाही येणार. न्यायची असन, तं जिन्यातल्या एकेकाले विचारून न्या."

मुलगी बाहेर आली. काका खूप ओरडले. पण ती आत गेली नाही. शेवटी तिनं एवढंच म्हटलं, "मी माझ्या मनानं आली, काका." काकांनी समोरचं पाणी पिऊन टाकलं आणि उठले. जिन्याच्या वळणावर तिचा भाऊ मागे वळला. "आईले फोन कर," म्हणाला आणि उतरून गेला.

बाई स्वयंपाकघरात पेले विसळायला गेल्या. काही वेळानं आतून काच फुटल्याचा आवाज आला. मी धावले. त्यांचे दोन्ही हात इतके कापत होते, की नळ बंद करता येत नव्हता.

यजमान गेल्यानंतरच्या वर्षी बाईंना गावाहून फोन आला. थोरल्या भावाला अर्धांगवायू झाला होता. बायको आधीच वारलेली, मुलं परदेशात. बाई बॅग भरू लागल्या.

"ज्यानं वॉरंट काढवलं, त्याच्याकडे जाणार तुम्ही?" मी विचारलं.

"भाऊ आहे हो तो माझा," त्या म्हणाल्या. मी चुकीचा शब्द वापरल्यावर शाळेत दुरुस्त करावं, तशा.

त्या परत आल्याच नाहीत. दोन हिवाळे भावाला भरवलं, पुसलं, आणि एका सकाळी झोपेतच गेल्या.

पुण्याहून आम्ही तिघं गेलो, मी आणि बाईंनी बंगळूरला जाऊ न दिलेली ती दोघं. त्यातली मुलगी आता माझी मैत्रीण झाली होती. भावाच्या अंगणात पांढऱ्या कापडावर बुद्धाची तसबीर होती, मेणबत्त्या होत्या. सगळा विधी बौद्ध पद्धतीनं व्हायला हवा, असं भावानं स्वतः सांगितलं होतं. बरेचसे नातेवाईक फाटकाबाहेरच उभे होते. भाऊ खुर्चीत बसला होता, पांढऱ्या सदऱ्यात.

भंतेजींनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. सगळ्यांनी हात जोडले. भावाचा डावा हात छातीपाशी आला, उजवा मांडीवरून हलेना. त्यानं खांदा उचलून पाहिला, पुन्हा पाहिला. तेव्हा माझी मैत्रीण पुढे झाली, त्याच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली आणि तिनं तो हात उचलून दुसऱ्या हाताला लावून धरला. वंदना संपेपर्यंत ती तशीच धरून बसली होती.